विशेष संदर्भ पुणे शहर

कॉलेजच्या लायब्ररीत माझी नोकरी आता बरीच जुनी झालीये आणि तेवढ्या काळात प्रोजेक्ट म्हणा, डिझर्टेशन म्हणा, बायंडिंग होऊन माझ्या कपाटात येऊन पडलेलं इतकं काही बघितलंय की नुसत्या पाठीवरची सोनेरी अक्षरं वाचून आत काय असेल ते सांगता येतं. अमुक अमुक, एक चिकित्सक अभ्यास, विशेष संदर्भ पुणे शहर. इंग्रजीत केलं तरी तेच, अ स्टडी ऑफ अमुक विथ स्पेशल रेफरन्स टू पुणे सिटी. बचत गट, सहकारी बँका, ग्राहकांचं वर्तन, वाहतुकीची समस्या, काहीही घ्या, शेवटी पुणे शहर लावा, की झाला टॉपिक छोटा. फारच हौस असेल तर पुणे जिल्हा. कालखंडसुद्धा ठरलेला, २०१० ते २०२०, आणि दहाच वर्षं का, २०१० पासूनच का असं विचारलं की पोरं एकमेकांकडे बघतात, कारण आधीच्या बॅचच्या प्रोजेक्टात तसंच होतं एवढंच त्याचं कारण असतं.

नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून एमएच्या सगळ्यांनाच रिसर्च प्रोजेक्ट करावा लागतो, त्यामुळे सेमिस्टर सुरू झालं की माझ्या काउंटरवर गर्दी होते. गाईड वरच्या मजल्यावर बसतात, पण तिकडे जायच्या आधी मुलं माझ्याकडे येतात, कारण गाईड विचारणार तुला काय करायचंय, आणि त्याचं उत्तर कुणाकडेच नसतं. लायब्ररीच्या मॅडम मार्क देत नाहीत, मग त्यांना काहीही विचारलं तरी चालतं. "मॅडम, एखादा सोपा टॉपिक सांगा ना." सोपा म्हणजे काय, तर ज्यावर भरपूर माहिती मिळेल असा. आणि इथूनच सगळं बिघडतं असं माझं मत आहे, कारण ज्यावर भरपूर माहिती मिळते त्यावर चार महिन्यांत तुम्ही नवीन काय सांगणार, ती माहिती इकडची तिकडे करण्यापलीकडे?

आणि पुणे शहर लावल्याने काही लहान होत नाही हो. २०११ च्या जनगणनेत नुसत्या महापालिका हद्दीत ३१ लाखांवर माणसं होती. त्यानंतर हद्दीत २०१७ साली ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३ आली. वाहतुकीची समस्या, विशेष संदर्भ पुणे शहर, म्हणजे नक्की काय बघणार आहेस बाळा, स्वारगेटचा सिग्नल का हिंजवडीची बस? जागा कापली, वर्षं कापली, तरी मधे जो प्रश्न असायला पाहिजे त्याचा पत्ताच नसतो. वाहतुकीची समस्या ही तक्रार झाली. तक्रारीवर पेपर लिहायला बसलं की पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तक्रारच होते आणि मग शेवटी शिफारशी येतात, शासनाने असे करावे, नागरिकांनी तसे करावे.

मागे एक मुलगा आला होता, धायरीचा, म्हणजे २०१७ साली हद्दीत आलेल्या त्या ११ गावांतल्या एका गावचा. त्याला पाण्यावर करायचं होतं. पुण्यातील पाणीप्रश्न, एक अभ्यास. त्याने चार पानांचा ड्राफ्ट पण आणला होता, सुरुवात कात्रजच्या तलावापासून, नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून शहरात पाणी कसं आणलं, भुयारी नळ, पेठांमधले हौद, सगळं छान. मग खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, चार धरणं मिळून २९ टीएमसीच्या आसपास साठा. मग एकदम शेवटच्या परिच्छेदात, तरीही पुणेकरांना पाणी पुरत नाही. मी वाचलं आणि विचारलं, तुमच्याकडे पाणी येतं का रे?

"टँकर येतो मॅडम."

"रोज?"

"उन्हाळ्यात रोज. पावसाळ्यात कमी."

"धायरीत? धरण तर तुमच्या उशाला आहे."

"तेच ना."

हे तेच ना तो ज्या आवाजात म्हणाला तो आवाज त्या चार पानांत कुठेच नव्हता. मग मी विचारत गेले, टँकरचे पैसे कोण देतं, तर सोसायटी. हिशेब कोण ठेवतं, तर सेक्रेटरी काका. कसा ठेवतात, तर वहीत, टँकर आला की वॉचमन वेळ लिहितो, ड्रायव्हरची सही घेतो, आणि महिनाअखेरीला काका बेरीज मारून बिल देतात, कारण पूर्वी एकदा न आलेल्या टँकरचं बिल लागलं होतं म्हणून काकांनी ही पद्धत चालू केली. किती वर्षांच्या वह्या आहेत? विचारतो म्हणाला. विचारून आला, तर गाव पालिकेत यायच्या आधीपासूनच्या होत्या.

आता बघा काय झालं. त्याच्याकडे एक असा कागद आला जो जगात दुसऱ्या कुणाकडे नाही, आणि तो कागद कुठला प्रश्न झेलू शकतो हे उघड दिसत होतं. गाव पालिकेत आल्यावर सोसायटीचा टँकरवरचा खर्च कमी झाला का? बास. पेशवे गेले, चार धरणं एका ओळीत आली, आणि कालखंड आपोआप ठरला, २०१७ च्या आधीची काही वर्षं आणि नंतरची, दहा वर्षं आधीच्या बॅचने घेतली होती म्हणून नाही. पुढे त्याच्या गाईडनी बरोबर अडवलं की एका सोसायटीवरून धायरीबद्दल बोलता येणार नाही, मग तो आजूबाजूच्या सोसायट्यांमधे फिरला, काहींनी वह्या दाखवल्या, काहींनी चेअरमनला विचारून सांगतो म्हणून जे टांगलं ते टांगलंच, एका ठिकाणी तर हिशेबच व्हॉट्सॲपवर होता आणि फोन बदलल्यावर गेला. तेही त्याने लिहिलं. कुणाकडे हिशेब आहे आणि कुणाकडे नाही हाही त्या विषयाचाच भाग झाला. सगळ्यात जास्त वेळ टँकरची साईज एकसारखी करून मोजण्यात गेला, कारण प्रत्येक सोसायटी वहीत नुसतं एक टँकर लिहायची आणि एकाचा टँकर दुसऱ्याच्या दुप्पट निघायचा.

यातून मी एक सवय लावून घेतलीये. कुणी टॉपिक घेऊन आलं की पहिला प्रश्न, हे कुणी कुठे लिहून ठेवलंय? म्हणजे पुस्तकात नाही, मूळ. वहीत, रजिस्टरात, सातबाऱ्यावर, पावतीवर, मीटिंगच्या मिनिट्समध्ये, जुन्या पेपरच्या फायलीत. आणि कुठेच लिहिलेलं नसेल तर ज्यांना माहितीये ती माणसं कुठे बसतात आणि त्यांच्यापर्यंत पीएमपीच्या बसने जाता येतं का. हे दोन्ही नसेल तर टॉपिक कितीही भारी वाटला तरी सोडा. निर्दयपणे सोडा. विषय आधी आणि पुरावा नंतर असं सगळे करतात, माझ्या मते उलटं करायला पाहिजे, निदान एमएच्या पातळीवर तरी, जिथे तुमच्याकडे एक सेमिस्टर आणि बाईकमधे शंभरचं पेट्रोल आहे.

लहान विषय घेतला की मुलांना कमीपणा वाटतो, हे मला रोज दिसतं. एक गाव? एक सोसायटी? एवढंच? त्यांना मी हॅरॉल्ड मानची गोष्ट सांगते. मान हा इंग्रज केमिस्ट, आधी आसामात चहावर काम करायचा, १९०७ साली पुण्याच्या शेती कॉलेजचा प्रिन्सिपल होऊन आला. त्याने आपल्या सहकाऱ्यांना घेऊन पुण्याजवळचं एक गाव धरलं आणि त्या एका गावाचा छडा लावला, जमीन कुणाची, किती तुकडे, कुठला तुकडा कुठे, पीक काय, कर्ज किती, घरात येतं किती आणि लागतं किती. १९१७ मध्ये ते छापून आलं. त्यातला एक आकडा पुढे शेतीवर लिहिणाऱ्या किती जणांनी वापरला असेल त्याची गणती नाही, तो असा की त्या गावात १७७१ साली सरासरी जमीनधारणा ४० एकर होती, ती १९१५ पर्यंत ७ एकरावर आली. जमिनीचे तुकडे पडतायत अशी हाकाटी तेव्हा सगळेच करत होते, पण ती एका गावात जुन्या कागदांवरून मोजून दाखवली मानने. मग लोक म्हणणार की हे गाव शहराच्या फार जवळचं आहे, बाकी दख्खनला कसं लागू करणार, तर त्याने काय केलं, शहरापासून लांबचं जातेगाव बुद्रुक घेतलं आणि तीच पद्धत तिथे लावली, ते १९२१ मध्ये आलं. पहिल्याच फटक्यात दहा गावं घेतली असती तर दोन्ही झालं नसतं.

आणि ते पहिलं गाव कुठलं माहितीये? पिंपळे सौदागर. हे सांगितलं की मुलं हसतात, कारण निम्म्या जणांचे मित्र तिथे फ्लॅट शेअर करून राहतात. पवनेकाठचं ते गाव आता पिंपरी-चिंचवडमधे आहे, कोकणे चौकात संध्याकाळी रस्ता ओलांडून दाखवा. ७ एकरांचे पुढे किती गुंठे झाले आणि गुंठ्यांचे किती स्क्वेअर फूट, हे कुणी सलग मांडलेलं निदान माझ्या कपाटात तरी नाही. मानचे आकडे आहेत, सातबारे आहेत, गावकीतली घरं अजून तिथेच आहेत, टॉवरच्या मधे मधे. मला वेळ असता तर मी केलं असतं.

जुना अभ्यास पुन्हा करणं हा टॉपिक शोधायचा इतका चांगला रस्ता आहे, आणि आपल्याकडे त्याला कॉपी समजतात. पुण्यातली गोखले इन्स्टिट्यूट १९३० साली निघाली, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी तिथून पुणे शहराची घरोघर पाहणी करवली, १९३० च्या दशकात, कोण काय कमावतं, किती खोल्यांत किती माणसं राहतात. आणि मग त्याच संस्थेने स्वातंत्र्यानंतर पुन्हा पाहणी केली, १९५६ मध्ये ती छापली, कारण मधल्या काळात युद्ध झालं, फाळणी झाली, शहर बदललं, तर काय बदललं ते मोजायचं होतं. पहिल्या पाहणीने प्रश्न तयार करून ठेवले होते, रकाने तयार करून ठेवले होते. तुम्हाला एका पेठेतल्या एका गल्लीत तोच एक रकाना पुन्हा भरायचाय, समजा खोलीमागे माणसं किती, तर विषय शोधायचे कष्टच वाचले, आणि तुलना करायला मागे काहीतरी भक्कम आहे. अट एकच, जुना अभ्यास खरंच वाचायचा, नुसता संदर्भसूचीत टाकायचा नाही.

वाचायचं म्हटल्यावर सगळे गुगलवर जातात. जा, मी पण जाते. पण क्रम असावा. आधी मराठी विश्वकोश उघडा, वाईला तयार झालेला, आता ऑनलाइन फुकट आहे, त्यातली नोंद दहा मिनिटांत वाचून होते आणि त्या विषयात कुठले कुठले फाटे आहेत ते कळतं. मग शोधगंगेवर, म्हणजे विद्यापीठांतले पीएचडीचे प्रबंध जिथे ऑनलाइन मिळतात तिथे जा आणि तुमच्या विषयाजवळचे तीन-चार प्रबंध काढा. प्रबंध पहिल्या पानापासून वाचू नका, झोप येईल. सरळ शेवटचं प्रकरण, पुढील संशोधनाच्या दिशा. तिथे त्या माणसाने लिहिलेलं असतं की मला हे हे करता आलं नाही. अर्थात निम्म्या प्रबंधांत हा भाग सबमिशनच्या आदल्या रात्री लिहिलेला असतो, त्यामुळे तिथे व्यापक संशोधनाची गरज आहे असलं काहीतरी मिळतं, ते सोडून द्या. पण एखादा प्रामाणिक असतो, तो लिहितो की अमुक तालुक्याची रजिस्टरं मिळाली नाहीत, किंवा बायकांशी बोलता आलं नाही कारण मी पुरुष होतो. असं वाक्य दिसलं की थांबा, तिथे विषय आहे. त्यानंतर तो प्रबंध किंवा पेपर गुगल स्कॉलरवर टाकून त्याच्याखाली साइटेड बाय दाबा, म्हणजे त्याच्यानंतर कुणी कुणी त्यावर काम केलं ते दिसतं. मागे जायला त्याची संदर्भसूची, पुढे यायला साइटेड बाय. तीन-चार पेपरमधे तेच तेच नाव परत परत यायला लागलं की समजा तुम्ही बरोबर गल्लीत आहात.

आणि एक बारीकशी गोष्ट, जी सांगून सांगून माझं तोंड दुखलंय. इंग्रजीत शोधताना जुनं स्पेलिंग पण टाका. सरकारी कागदांत १९७० च्या दशकापर्यंत हे शहर पूना होतं आणि खडकीला किरकी लिहायचे. आत्ताचं स्पेलिंग टाकून एकोणिसाव्या शतकातलं पुणे शोधणारी मुलं माझ्याकडे येऊन सांगतात की मॅडम यावर काहीच काम झालेलं नाही, रिसर्च गॅप आहे. गॅप वगैरे काही नसते, स्पेलिंग असतं. मानच्या पुस्तकात सुद्धा पिंपळे नाही, पिंपळा आहे.

गॅप या प्रकाराचं एवढं प्रस्थ का झालंय कळत नाही. यावर कुणीच काम केलेलं नाही हे काही विषय घ्यायचं कारण होत नाही, कदाचित कुणालाच ते जाणून घ्यायचं नसेल म्हणून केलं नसेल. तसंच ते आवडीचा विषय घ्या. मुलांना विचारलं आवड काय तर क्रिकेट आणि वेबसिरीज, पुढे काय करायचं त्याचं? मी त्यापेक्षा विचारते, तुला चीड कशाची येते. धायरीच्या मुलाला टँकरची चीड होती. चीड आली की माणूस तपशिलात जातो, कुणी किती वाजता काय केलं ते त्याला पाठ असतं. फक्त पेपर लिहिताना ती चीड बाजूला ठेवून उलटं उत्तर आलं तरी लिहायची तयारी पाहिजे. टँकरचा खर्च कमी झाला असं निघालं असतं तर त्याला ते लिहावं लागलं असतं, आणि मी त्याला हे आधीच विचारलं होतं, लिहिशील का.

बरं, पुरावा आहे एवढं पुरत नाही, तो वेळेत हातात येतो का हेही बघावं लागतं. आरटीआय टाकतो मॅडम, असं फार मुलं म्हणतात. टाक की, पण उत्तर द्यायला त्यांना ३० दिवस असतात, आणि माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही असं उत्तर आलं की अपील, त्यात आणखी महिना-दीड महिना, तोपर्यंत तुझा व्हायवा येतो. जनगणनेचं तसंच. २०२१ ची झालीच नाही तेव्हा, मग वॉर्डप्रमाणे लोकसंख्येवर सगळा डोलारा उभा असलेला टॉपिक घेतला तर तुम्ही अजून २०११ मधे राहताय. इतिहासवाल्यांना पेशवाई पाहिजे असते, पुण्यात पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे आहेत, इथेच, रिक्षाच्या अंतरावर, पण ते मोडी लिपीत आहेत. मोडी येत नसेल तर आधी शिका आणि विषय पुढच्या वर्षी घ्या, नाहीतर छापून आलेल्या निवडक कागदांवर बेतलेला प्रश्न घ्या आणि तसं कबूल करा. आणि गुगल फॉर्म. काय बोलू. शंभर प्रश्नावल्या भरून घेतल्या असं लिहिलेलं असतं, त्यातले नव्वद जण त्याच कॉलेजचे, त्याच वयाचे, त्याच व्हॉट्सॲप ग्रुपवरचे, आणि शीर्षक पुण्यातील नागरिकांचा दृष्टिकोन. मलाच वर्षाला ढिगानं येतात ते फॉर्म, मी भरते सुद्धा, शेवटी आपलीच पोरं आहेत.

प्रश्न कसा बारीक करायचा याचं मला माहिती असलेलं सगळ्यात देखणं उदाहरण लॉ कॉलेज रोडवर आहे. भांडारकर प्राच्यविद्या संस्था १९१७ साली सुरू झाली आणि दोनच वर्षांनी त्यांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हातात घेतलं. भारतभरातून हस्तलिखितं आली, काश्मीरपासून केरळपर्यंत, शारदा, बंगाली, मल्याळम, ग्रंथ, सगळ्या लिप्यांत, आणि प्रत्येकात श्लोक कमीजास्त. आता सामान्य माणूस काय विचारेल, मूळ महाभारत कुठलं? व्यासांनी लिहिलेलं नेमकं किती? या प्रश्नाला उत्तर मिळण्यासारखं काही हातातच नव्हतं. विष्णू सीताराम सुकथनकर १९२५ मध्ये प्रमुख संपादक झाले, त्यांनी जो प्रश्न धरला तो असा की आज जी हस्तलिखितं मिळतायत त्यांच्या आधाराने जितकं मागे जाता येतं तितक्या जुन्या पाठापर्यंत जायचं. त्याच्या मागे काय होतं त्याबद्दल दावा नाही. केवढा मोठा दावा सोडून दिलाय बघा. आणि एवढा कापून घेतलेला प्रश्न सुद्धा पुरा व्हायला १९६६ साल उजाडलं, सुकथनकर त्याच्या किती आधी, १९४३ मधे गेले. त्यांनी मूळ महाभारत शोधायला घेतलं असतं तर काय झालं असतं कल्पना करा. एमएच्या पोराने भारतीय संस्कृतीवर जागतिकीकरणाचा परिणाम असा टॉपिक आणला की मला हमखास सुकथनकर आठवतात.

कधीकधी टॉपिक शोधायचा प्रश्नच नसतो, गाईड देतात. त्यांचा प्रोजेक्ट चालू असतो, त्यातला एक तुकडा तुम्हाला. मुलं कुरकुरतात. माझं म्हणणं, दिला तर घ्या, दिलेल्या विषयात सुद्धा तुमची जागा असते. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला पीएचडी करायला गेल्या तेव्हा त्यांना विषय दिला त्यांचे गाईड ऑयगेन फिशर यांनी, माणसाच्या कवटीची डावी-उजवी बाजू सारखी नसते त्याचा वंशाशी संबंध आहे का. फिशरना उत्तर आधीच माहिती होतं, म्हणजे त्यांना पाहिजे होतं, युरोपीय वंश श्रेष्ठ ठरेल असं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहिलं की असा काही संबंध दिसत नाही. गाईडच्या देशात, गाईडच्या संस्थेत बसून. विषय फिशरचा, पण उत्तर बाईंचं. पुढे त्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि मग महाराष्ट्रभर हिंडून काय काय केलं ते सगळ्यांना माहितीये. त्यामुळे सरांनी टॉपिक लादला असं कुणी म्हणालं की मी विचारते, सरांनी उत्तर पण लादलंय का? नसेल तर कामाला लाग.

विषय जास्त बारीक झाला असंही होतं, तेवढं कमी वेळा. यंदाचीच एक मुलगी, तिला पानशेतचा पूर करायचाय. १२ जुलै १९६१, सकाळी पानशेत फुटलं, दुपारपर्यंत खडकवासला पण गेलं, लकडी पुलावरून पाणी. आली तेव्हा ठरलेलं, कारणे व परिणाम. मी नाही म्हणलं, कारणांवर चौकशी आयोग बसून अहवाल येऊन गेलाय, तू इंजिनियर नाहीस, तुझी एमए समाजशास्त्र आहे. मग ती एकदम दुसऱ्या टोकाला गेली, आमच्या आजीची पुराची आठवण. गोड आहे, पण आजी एकटी कशाचं उदाहरण आहे हे सांगता आलं पाहिजे ना. आजी काय करायची? शनिवार पेठेत वाड्यात भाड्याने राहायची, वाडा गेला, मग लोकमान्यनगरला घर मिळालं. इथे आम्ही दोघी थांबलो. वाड्याच्या मालकाचं नुकसान वाडा, भाडेकरूचं काय? तो वाड्यात राहत होता हे सिद्ध कशाने करायचं? भाडेकरू कुठे गेले हा प्रश्न तिला फार आवडला, आणि मलाही, पण त्यात एक गोम आहे. जे लोकमान्यनगरला, गोखलेनगरला गेले ते आज सापडतात, कारण ते तिथे आहेत. ज्यांना काहीच मिळालं नाही आणि जे गावाला निघून गेले ते कुठे शोधणार? म्हणजे कुठे गेले असं विचारून जे उत्तर येईल ते अर्ध्याच लोकांचं. मग प्रश्न पुन्हा हलवला, घर मिळालेल्यांकडे तेव्हा कुठली कागदपत्रं मागितली होती? हे सापडेल, कारण आपल्याकडची म्हातारी माणसं अलॉटमेंटचं पत्र टाकत नाहीत. शिवाय त्या वर्षीच्या सकाळ आणि केसरीच्या फायलींत जाहीर सूचना आल्या असणार, त्या बघायचं ठरलं.

ती मागच्या शनिवारी लोकमान्यनगरात गेली. पहिल्या घरी आजोबांनी दारातूनच विचारलं, तू कुठल्या बिल्डरकडून आलीस? तिथे रिडेव्हलपमेंटचं वारं आहे, त्यामुळे जुने कागद मागणारं कुणीही आलं की लोक आधी संशय घेतात, ते आमच्या लक्षातच आलं नव्हतं. मग परत आली, डिपार्टमेंटचं पत्र करून घेतलं, शिक्का मारला, आणि पुन्हा गेली. या खेपेला आजोबांनी बसवलं, चहा दिला, रेशनकार्ड दाखवायला लागलं होतं म्हणाले, भाडेपावती पण, आणि मग तिलाच विचारायला लागले की पण पोरी, ज्यांचं रेशनकार्डच वाहून गेलं त्यांनी काय दाखवलं ते शोध की, आमच्या समोरच्या खोलीतल्यांचं तसं झालं होतं.

सोमवारी सकाळी लायब्ररी उघडायच्या आत ती दारात उभी. मॅडम, टॉपिक मिळाला. मी म्हणलं, बरं, आणि अशी कार्ड वाहून गेलेली किती माणसं सापडतायत ते बघितलंस का? तर म्हणाली, दोन आहेत, तिसऱ्या आजी मुलाकडे सांगलीला असतात, त्यांचा फोन नंबर मिळालाय, आत्ता लावू का?